विश्लेषण : जुळी बाळे असल्याचे कळले, आता पुढे काय? पहिल्या १४ आठवड्यांत ‘वार किती’ हे विचारणे का गरजेचे?

जुळी बाळे असल्याचे कळताच घरात चर्चा सुरू होते ती खाण्यापिण्याची आणि आरामाची. मात्र पुढच्या महिन्यांतील धोका किती, तपासणी किती वेळा आणि प्रसूती कुठे, हे ठरवणारी माहिती एका सोनोग्राफीत असते आणि ती मिळण्याची वेळ लवकर निघून जाते.

‘जोडकेळे खाऊ नये, जुळी होतात’ हे वाक्य ऐकले नाही असे मराठी घर विरळाच. केळ्याने जुळी होत नाहीत, हेही आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण जुळ्यांविषयीच्या इतर समजुती अजून पक्क्या आहेत. तिघांसाठी खायचे, पलंगावरून उतरायचे नाही, तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला काही सांगायचे नाही. काळजीपोटी दिलेले हे सल्ले सुरुवातीच्या आठवड्यांत फारसे उपयोगी पडत नाहीत. काही तर आडवे येतात.

या काळात आईची प्रकृती जपायची म्हणजे आहार, झोप, गोळ्या हे सारे आलेच. तरीही यादीत सर्वांत वर असायला हवी ती ११ ते १४ आठवड्यांदरम्यानची सोनोग्राफी आणि तिच्या अहवालातील एक ओळ : दोन्ही बाळांची वार एक आहे की वेगळी. ही ओळ प्रत्येक जुळ्या गर्भारपणाच्या कागदांवर असलीच पाहिजे, असा आग्रह आता कुटुंबांनीही धरायला हवा आणि आरोग्य यंत्रणेनेही.

जुळ्यांचे प्रमाण वाढते आहे का?

होय. ‘ह्यूमन रिप्रॉडक्शन’ या नियतकालिकात २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार जगात दरवर्षी सुमारे १६ लाख जुळी जन्माला येतात. म्हणजे जन्मणाऱ्या दर ४२ बाळांमागे एक बाळ जुळ्यातले असते. १९८० च्या दशकात दर हजार प्रसूतींमागे सुमारे ९ जुळी असत, आता ती सुमारे १२ आहेत. वंध्यत्वावरील उपचार आणि उशिरा येणारे मातृत्व ही त्यामागची प्रमुख कारणे.

जुळी दोन प्रकारे होतात. दोन स्त्रीबीजे एकाच वेळी फलित झाली की दोन स्वतंत्र भावंडे वाढतात. एकच फलित बीज विभागले गेले की एकसारखी दिसणारी जुळी होतात. पहिल्या प्रकारात आईकडची आनुवंशिकता, तिचे वय आणि बीजनिर्मिती वाढवणारी औषधे यांचा वाटा असतो. दुसरा प्रकार जगभर दर हजार प्रसूतींमागे साधारण ४ असा जवळपास स्थिर आहे. टेस्ट ट्यूब बेबी उपचारात एकच गर्भ सोडला तरी तो विभागला जाऊ शकतो, त्यामुळे ‘आम्ही एकच सोडला होता’ हे जुळी नसल्याचे प्रमाण नव्हे.

वार एक की दोन, याने काय फरक पडतो?

वार म्हणजे बाळाला आईच्या रक्तातून अन्न आणि प्राणवायू पोहोचवणारा अवयव. वेगळ्या बीजांपासून झालेल्या जुळ्यांची वार वेगळी असते. एका बीजापासून झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांशांची वार वेगळी असते, तर उरलेल्या दोन तृतीयांशांना एकच वार वाटून घ्यावी लागते. त्यातल्या थोड्यांची गर्भजलाची पिशवीही एकच असते.

अहवालात हे इंग्रजी आद्याक्षरांत लिहिलेले असते. ‘डीसीडीए’ म्हणजे वार वेगळी, पिशवी वेगळी. ‘एमसीडीए’ म्हणजे वार एक, पिशव्या दोन. ‘एमसीएमए’ म्हणजे वारही एक आणि पिशवीही एक. ही चार अक्षरे पुढचे वेळापत्रक ठरवतात. वार वेगळी असेल तर गुंतागुंत नसताना साधारण दर चार आठवड्यांनी सोनोग्राफी पुरते. वार एक असेल तर १६ व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी करावी लागते. प्रसूतीचा काळही बदलतो. सारे सुरळीत असल्यास पहिल्या प्रकारात ३७ वा आठवडा, दुसऱ्यात ३६ वा आणि तिसऱ्यात ३२ ते ३४ आठवड्यांदरम्यान, असा सर्वसाधारण संकेत आहे.

एवढ्या बारकाईने पाहायचे कारण असे की, सामाईक वारेत दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. अशा १० ते १५ टक्के गर्भारपणांत एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे अधिक जाऊ लागते. एकाभोवतीचे पाणी आटते, दुसऱ्याभोवती ते बेसुमार वाढते. वैद्यकीय भाषेत याला ‘ट्विन टू ट्विन ट्रान्सफ्यूजन सिंड्रोम’ म्हणतात. तीव्र स्वरूपात उपचार झाले नाहीत, तर दोन्ही बाळे दगावण्याचा धोका फार मोठा असतो. दुर्बिणीतून लेसरने त्या वाहिन्या बंद करण्याचा उपचार उपलब्ध आहे. तो साधारणपणे १६ ते २६ आठवड्यांदरम्यान करतात आणि देशातल्या मोजक्या मोठ्या शहरांतच होतो. धडगावच्या किंवा भामरागडच्या महिलेला तिथवर पोहोचायचे, तर आधी कुणीतरी वेळेत ओळखले पाहिजे आणि ओळखण्यासाठी वार एक आहे हे मुळात ठाऊक असले पाहिजे.

मग १४ आठवड्यांची घाई कशासाठी?

कारण नंतर हे नीट दिसत नाही. ११ ते १४ आठवड्यांत दोन्ही बाळांमधला पडदा वारेला जिथे मिळतो, तिथे वेगळ्या वारा असतील तर जाड त्रिकोणी टोक दिसते, एकच वार असेल तर पातळ सरळ रेघ. डॉक्टर त्यांना ‘लॅम्डा’ आणि ‘टी’ चिन्ह म्हणतात. पुढे पडदा पातळ होत जातो, शेजारच्या दोन वारा एकमेकींना चिकटून एकच वाटू लागतात आणि निदान अवघड होते.

याला भारतापुरती आणखी एक बाजू आहे. इतर देशांत उशिरा आलेल्या महिलेच्या सोनोग्राफीत एक मुलगा आणि एक मुलगी दिसली, तर वार वेगळी आहे असा अंदाज बांधता येतो. आपल्याकडे गर्भलिंग तपासणे आणि सांगणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्येच यासाठी कायदा केला, १९९४ मध्ये तो देशासाठी झाला आणि तो तसाच कडक राहायला हवा. पण म्हणूनच आपल्याकडे उशीर भरून काढायला तोही आधार नाही. लवकर सोनोग्राफीचे महत्त्व इथे इतर देशांहून जास्तच आहे.

या कायद्यामुळे ‘सोनोग्राफी म्हणजे भानगड’ अशी भीती काही घरांत बसली आहे. ती अनाठायी आहे. नोंदणीकृत केंद्रात, डॉक्टरांच्या चिठ्ठीने, आवश्यक अर्ज भरून केलेली तपासणी पूर्णपणे कायदेशीर आहे. गुन्हा आहे तो लिंग विचारणे आणि सांगणे हा.

‘तीन महिने सांगू नये’ ही रीत आडवी येते का?

रीत वाईट नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भपाताचे प्रमाण जास्त असते आणि आनंदाची बातमी देऊन मग दुःखाची द्यावी लागू नये, हा त्यामागचा शहाणपणा आहे. मात्र शेजाऱ्यांपासून लपवायची गोष्ट आशाताईंपासून आणि डॉक्टरांपासूनही लपवली जाते, तेव्हा घोटाळा होतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात पहिल्या तीन महिन्यांत तपासणी झालेल्या मातांचे प्रमाण सुमारे ७० टक्के आहे. म्हणजे दहापैकी तिघींची पहिली तपासणी या काळात होतच नाही. त्यांच्यातल्या ज्यांना जुळी असतील, त्यांची संधी तिथेच हुकते.

पाळी चुकल्यावर चाचणी होकारार्थी आली की नोंदणी करावी. बातमी गावाला कधी सांगायची, हे घराने ठरवावे.

तिघांसाठी खावे का?

पहिल्या तीन महिन्यांत तरी नाही. दोन्ही बाळे या काळात काही सेंटिमीटरची असतात. आईला जास्तीचे अन्न जवळपास लागत नाही आणि मळमळीमुळे ते जातही नाही. सासूबाईंनी तुपाचे लाडू पुढे करावेत आणि सुनेने ते पाहूनच उठून जावे, हा प्रसंग घरोघरचा आहे. या दिवसांत वजन वाढले नाही किंवा थोडे कमी झाले, तरी लगेच घाबरू नये. चौथ्या महिन्यापासून भूक आणि गरज दोन्ही वाढतात आणि तेव्हा जुळ्यांच्या आईला एका बाळाच्या आईपेक्षा खरोखरच जास्त लागते.

सुरुवातीला प्रश्न किती खाल्ले हा नसून काय पोटात टिकले हा असतो. दोन-अडीच तासांनी थोडे थोडे खावे. सकाळी उठण्यापूर्वी कोरडे काही, म्हणजे लाह्या, कुरमुरे, खाकरा किंवा राजगिऱ्याची वडी. मऊ भात, पेज, नाचणीचे आंबील, मुगाचे वरण, ताक, उकडलेले अंडे, भिजवलेले शेंगदाणे, मोड आलेल्या मटकीची उसळ, यांतले जे सोसवेल ते. फोडणीचा वास सोसत नसेल तर स्वयंपाक काही दिवस दुसऱ्या कुणी करावा. याला लाड म्हणू नये. लोहाच्या दृष्टीने जेवणाला लिंबू किंवा आवळ्याची जोड चांगली. जेवणासोबतचा चहा मात्र अन्नातले लोह शोषू देत नाही, तो तासाभराने घ्यावा.

कच्चे दूध, अर्धवट शिजलेले मांस किंवा अंडी, उघड्यावरची कापलेली फळे टाळावीत. मद्य आणि मशेरी-तंबाखू पूर्ण बंद. पिकलेल्या पपईने गर्भ पडत नाही, पण कच्ची पपई टाळावी. माती, खडू किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणे हे नुसते डोहाळे समजू नयेत. ते रक्तक्षयाचे लक्षण असू शकते, रक्त तपासून घ्यावे.

उलट्या किती झाल्या म्हणजे जास्त?

गर्भारपणात वाढणारे ‘एचसीजी’ हे संप्रेरक जुळी असताना अधिक असते आणि त्यामुळे मळमळ-उलट्याही अधिक होतात. बहुतेकींचा त्रास १६ व्या आठवड्याच्या आसपास कमी होतो. तोवर आले, लिंबू, थंड पदार्थ, थोडे थोडे पाणी यांनी बरे वाटते. नाही वाटले तर उलट्यांसाठी गर्भारपणात चालणारी औषधे आहेत, ती डॉक्टरांकडून मागून घ्यावीत. ‘उलट्या व्हायच्याच, सोसायचे असते’ असे सांगून बाईला गप्प बसवू नये.

दिवसभरात पाणीही टिकत नाही, लघवी फार कमी किंवा गडद होते, उभे राहिले की चक्कर येते, वजन झपाट्याने उतरते, यातले काही दिसले तर सलाइनची गरज असू शकते. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

कोणत्या गोळ्या, कधी?

फॉलिक ॲसिड पहिल्या १२ आठवड्यांत रोज ४०० मायक्रोग्रॅम, शक्य तर गर्भ राहण्याआधीपासून. मधुमेह, फिट्सची औषधे किंवा आधीच्या बाळाच्या मणक्यात दोष असा इतिहास असल्यास डॉक्टर मोठा डोस देतात, म्हणून हा इतिहास न लपवता सांगावा.

लोहाच्या गोळ्या सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून १८० दिवस दिल्या जातात. देशातल्या गर्भवतींपैकी ५२ टक्के रक्तक्षयी असल्याचे राष्ट्रीय सर्वेक्षण सांगते आणि जुळ्यांच्या आईच्या लोहाच्या साठ्यावर दोन बाळांचा भार असतो. त्यामुळे हिमोग्लोबिन पहिल्याच भेटीत पाहावे, कमी असल्यास डॉक्टर उपचार आधी सुरू करू शकतात. ‘गोळ्या गरम पडतात’ म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत. बद्धकोष्ठ किंवा मळमळ होत असेल तर गोळीची वेळ किंवा प्रकार बदलून मिळतो.

तिसरी गोळी कमी माहितीची आहे. जुळ्या गर्भारपणात रक्तदाब वाढून होणाऱ्या गुंतागुंतीचा धोका जास्त असतो. तो कमी करण्यासाठी अनेक महिलांना १२ व्या आठवड्यानंतर कमी मात्रेचे ॲस्पिरिन दिले जाते आणि १६ व्या आठवड्यापूर्वी सुरू केल्यास फायदा अधिक होतो. ते मनाने घ्यायचे नाही. पण ‘मला ते लागेल का?’ असे विचारायचे मात्र राहू नये.

सक्तीची विश्रांती हवी का?

‘जुळी आहेत, आता नऊ महिने पलंग’ हा सल्ला सर्रास मिळतो. गुंतागुंत नसताना नुसते पडून राहिल्याने जुळ्यांची अकाली प्रसूती टळते, असा पुरावा नाही. उलट पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, स्नायू कमजोर होतात आणि मन खचते. सर्वच जुळ्यांसाठी सरसकट गर्भाशयाच्या मुखाला टाका घालणे, यालाही आधार नाही. कुणाला टाका लागेल, हे तिच्या तपासणीवरून ठरते.

चालणे, घरातली हलकी कामे, बैठी नोकरी चालते. जड उचलणे, तासन्‌तास उभे राहणे, रात्रपाळी कमी करावी. नोकरदार महिलांसाठी मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदींत गर्भारपणामुळे उद्भवलेल्या आजारासाठी नेहमीच्या रजेशिवाय एक महिन्यापर्यंत पगारी रजेची तरतूद आहे. ती अनेकींना माहीतही नसते. ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा रोजंदारीवरच्या बाईला मात्र ‘विश्रांती घे’ म्हणणे सोपे आणि घेणे अशक्य असते. तिच्यासाठी किमान एवढे व्हावे की, गाव सोडताना माता-बाल कार्ड आणि सोनोग्राफीचा अहवाल तिच्या हातात असेल आणि फडावरच्या जवळच्या आरोग्य केंद्राला ती जुळ्यांची आई आहे, हे कळवलेले असेल.

एक बाळ विरून गेले तर?

सहाव्या-सातव्या आठवड्यात दोन ठोके दिसतात आणि पुढच्या तपासणीत एकच उरतो, असे काही वेळा घडते. विरलेला गर्भ शरीरातच शोषला जातो आणि वार वेगळी असेल तर दुसरे बाळ बहुतेकदा व्यवस्थित वाढते. आईने प्रवास केला, जिना चढली, काही वेडेवाकडे खाल्ले म्हणून हे होत नाही. बरेचदा गर्भाच्या वाढीतलाच दोष असतो. ‘एक तरी राहिले ना’ हे वाक्य समजुतीचे वाटले तरी ऐकणारीला ते लागते. तिचे काहीतरी गेलेले असते, हे घराने आधी मान्य करावे.

कोणत्या लक्षणांत थांबू नये?

रक्तस्राव, पोटात एका बाजूला तीव्र कळ, भोवळ, ताप, लघवीला जळजळ, अंगावरून पाणी जाणे, यांत सकाळ व्हायची वाट पाहू नये. १६ व्या आठवड्यानंतर पोट काही दिवसांत अचानक मोठे आणि ताठ वाटू लागले, धाप लागली, तर त्याच दिवशी सोनोग्राफी हवी. एकच वार असणाऱ्या महिलेसाठी हे विशेष महत्त्वाचे. त्यानंतरच्या महिन्यांत तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज ही रक्तदाबाची चिन्हे. तातडीसाठी १०८ आणि गर्भवतींच्या ने-आणीसाठी १०२ हे क्रमांक फोनमध्ये ठेवावेत.

यंत्रणेने काय बदलायला हवे?

२०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला मोफत तपासणी होते. जुळी असलेल्या महिलेची नोंद अतिजोखमीची म्हणून केली जाते. योजना चांगली आहे. पण तिचा भर दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीवर आहे आणि तिच्यातली सोनोग्राफीही त्याच काळासाठी सांगितलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही २४ आठवड्यांपूर्वी एक सोनोग्राफी अशी आहे. एका बाळासाठी हे ठीक. जुळ्यांसाठी तोवर उशीर झालेला असतो आणि जुळी आहेत हे तर सोनोग्राफीशिवाय कळतच नाही. दहाव्या आठवड्यात पोट चाचपून कुणालाही ते सांगता येणार नाही.

ग्रामीण रुग्णालयात यंत्र असते तर सोनोग्राफी करणारे डॉक्टर नसतात, हा अनुभव नवा नाही. प्रत्येकीला लगेच दोन सोनोग्राफी देणे अवघड आहे, हा यंत्रणेचा युक्तिवाद म्हणूनच उडवून लावता येणार नाही. पण पहिली सोनोग्राफी १४ आठवड्यांच्या आत आणणे, हा बहुतांशी वेळापत्रकाचा प्रश्न आहे. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयातील तपासण्या आणि वाहतूक मोफत आहेत. तीच तपासणी लवकर करावी आणि जुळी दिसल्यास ‘वार एक / वार दोन’ हा रकाना भरल्याशिवाय अहवाल पूर्ण मानू नये. दिसत नसेल तर तसे लिहून लगेच वरच्या रुग्णालयात पाठवावे. खासगी केंद्रांनाही हाच नियम लागू व्हावा. ‘दोन जिवंत गर्भ’ एवढेच लिहिलेला अहवाल अपुरा आहे.

तोवर कुटुंबाने एवढे करावे. पाळी चुकल्यावर लवकर नोंदणी. ११ ते १४ आठवड्यांत सोनोग्राफी. खोलीतून बाहेर पडण्यापूर्वी एक प्रश्न : ‘डॉक्टर, वार एक आहे की दोन? अहवालात लिहिले आहे ना?’ त्या पानाचा फोटो आईच्या आणि नवऱ्याच्याही फोनमध्ये असावा. पुढे कोणत्याही रुग्णालयात, कोणत्याही वेळी जावे लागले, तरी तिथल्या डॉक्टरांना आधी तेच पान दाखवावे.